पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चालू असताना दिवस राहू शकतात का?

वारजेकरीण
यंदा माझी तारीख नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी येतेय. डॉक्टरांनी नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिलीय, दिवसातून ३ वेळा, तारखेच्या ३ दिवस आधीपासून. जाऊबाई म्हणतात, "प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध ना ते, मग तेवढे दिवस दुसरं काही वापरायला नको." खरंय का?

औषधवाली_नारायणपेठ
नाही. जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच घोळ होतो.

श्रावण संपत आला की आमच्या दुकानात या गोळीला मागणी वाढते. बऱ्याचदा नवराच येतो, घडी घातलेली चिठ्ठी पुढे सरकवतो आणि रस्त्यावरची रहदारी बघत उभा राहतो. असो.

बीजांड बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण २ आठवडे आधी. त्यानंतर अंडाशय स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि ते उतरलं की पाळी येते. तुमची गोळी त्या उतरणीला टेकू देते, बाकी काही नाही. तुम्ही पहिली गोळी घ्याल तेव्हा बीजांड सुटून ११ दिवस होऊन गेलेले असतील. दिवस राहायचे असतील तर ते बहुधा आधीच राहिलेले असतील. आणि बीजांड उशिरा सुटलं तर या गोळीचा भरवसा नाही, म्हणून नेहमीचं साधन सोडू नका.

बीजांड अडवायचं तर हे औषध अंगात आधीपासून हवं, खंड न पडता. मग मेंदूकडून एलएचची, म्हणजे बीजांड सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची, उसळी येत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव दाट होतो, शुक्राणू अडतात. डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची रोजची गोळी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं ३ महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन असंच चालतं. गंमत बघा, काही देशांत हेच नॉरएथिस्टेरॉन रोज ०.३५ मिलिग्रॅम घेऊन गर्भनिरोधक म्हणून वापरतात. तुमच्या एका गोळीत तसल्या चौदा गोळ्यांचं औषध आहे, पण वेळ चुकीची.

आणि पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगाच.

वारजेकरीण
मग गौरी-विसर्जनाच्या दिवशी बंद केली तर पाळी कधी येईल?

सिस्टर_धनकवडी
बहुधा २-३ दिवसांत. आठवडा गेला तरी नाही आली तर कार्ड टेस्ट करा, दिवस राहिलेत का ते लघवीवरून कळतं. पुढचा हिशेब त्याच पाळीपासून धरायचा, मोबाइलमधली जुनी तारीख पुसून टाका. तिच्यावर विसंबून 'सेफ' दिवस मोजणाऱ्या बायका आमच्याकडे येतात नंतर, तोंड पाडून.

शनिवारपेठी_आजी
गौरी जेवायला येतात गं, तारखा तपासायला नाही. माझ्या सुनेला मी गोळी घेऊ देत नाही, तशीच बसते पूजेला.

औषधवाली_नारायणपेठ
आजी, तुमच्यासारख्या सासवा वाढल्या तर माझा धंदा बसेल. चालेल मला.

वारजेकरीण
जाऊबाईंना हे सगळं पाठवू का?

सिस्टर_धनकवडी
पाठवा. त्या स्वतः याच भरवशावर असतील तर सोबत एक कार्डही पाठवा.