एकादशीचा मंगळवार नेमका कुठे गेला?

गंगाखेडची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. हा प्रश्न माझ्या आईचा आहे. मी फक्त तो नीट लिहून मांडते आहे, कारण गेले कित्येक दिवस घरात याशिवाय दुसरा विषय नाही.

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचे, म्हणजे संत जनाबाईंच्या गावचे. आईच्या गळ्यात माळ आहे आणि लग्नानंतर माळ घातली तेव्हापासून तिची एकही एकादशी चुकलेली नाही. बाळंतपणात नाही, आजारपणात नाही. माझा भाऊ कॅलिफोर्नियात आणि बहीण ऑकलंडला असते. ऑगस्टमध्ये मी आईला घेऊन मुंबईहून युरोपमार्गे आधी भावाकडे गेले, तिथून बहिणीकडे आणि मग सिंगापूरमार्गे परत आले. वडील गुडघ्यांमुळे घरीच थांबले होते.

सॅन फ्रान्सिस्कोहून आमचे विमान सोमवारी रात्री साडेदहाला निघाले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, एकादशी होती. घरच्या दिनदर्शिकेतही मंगळवार आणि भाऊ व बहीण वापरतात त्या तिथल्या पंचांगांतही मंगळवारच. आईने आदल्या दिवशीच राजगिऱ्याचे लाडू करून स्टीलच्या डब्यात भरले होते. विमानात बसण्यापूर्वी वडिलांचा फोन आला, तेव्हा गंगाखेडला मंगळवारचे सकाळचे अकरा वाजत आले होते आणि ते म्हणाले, "भगर शिजायला टाकली आहे, तुझे काय?" आई म्हणाली, "अहो, आमच्याकडे अजून सोमवारच आहे, माझी दशमी चालू आहे."

तेरा तासांनी आम्ही उतरलो तेव्हा बाहेर अंधार होता, घड्याळात सकाळचे साडेसहा झाले होते आणि वार होता बुधवार. न्यूझीलंडला बाहेरून आणलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा लागतो, म्हणून आम्ही तो डबा दाखवला. तपासणीवरच्या बाईंनी झाकण उघडून पाहिले आणि हे कशासाठी आहेत, असे विचारले. मी आईचे उत्तर भाषांतर करून सांगितले, की मंगळवारच्या उपवासासाठी. त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "पण आज बुधवार आहे." डबा त्यांनी परत दिला, मात्र आई तो हातात धरून तशीच उभी राहिली.

मी तिला तारीखरेषा, पृथ्वीचे फिरणे, सगळे सांगून पाहिले. तिचे म्हणणे एवढेच आहे, की मी सोमवारी जेवले, विमानात डुलकी काढली आणि उठले तर बुधवार. मग माझा मंगळवार कोणी नेला, आणि माझी एकादशी घडली की मोडली? तिला पटेल असे उत्तर कोणी देऊ शकेल का?

खडू आणि फळा

ताई, मी नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आईंना माझा नमस्कार सांगा. मंगळवार कोणी नेला, या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देता येते आणि आपण दिलेल्या तपशिलातूनच ते निघते.

सहावी-सातवीच्या मुलांना हा भाग पुस्तकातून समजत नाही, म्हणून मी मैदानावर फक्कीने मोठे वर्तुळ आखतो आणि त्यावर चोवीस मुले सारख्या अंतरावर उभी करतो. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, तेव्हा दोन मुलांमधले अंतर हा एक तास. मग एकाच्या हातात पाटी देऊन त्याला पश्चिमेकडे चालायला सांगायचे आणि दर मुलाशी पाटीवरची वेळ एक तासाने मागे घ्यायला लावायची. फेरी पूर्ण करून तो मूळ जागी येतो, तेव्हा त्याची पाटी तिथे उभ्या असलेल्या मुलापेक्षा बरोबर चोवीस तास मागे असते. दोघांचेही बरोबर आणि तरी वार वेगळा! दरवर्षी या क्षणी मुले आधी गप्प होतात आणि मग एकच गलका करतात. त्यानंतर मी वर्तुळात एका जागी आडवी रेघ ओढतो आणि सांगतो, की पश्चिमेकडे जाताना ही रेघ ओलांडली की पाटीवरचा वार एकाने पुढे करायचा. हीच आंतरराष्ट्रीय वाररेषा.

आता आईंचा हिशेब पाहू. मुंबईहून कॅलिफोर्नियाला गेल्यावर त्यांचे घड्याळ साडेबारा तास मागे घ्यावे लागले, कारण तिथे तेव्हा उन्हाळी वेळ सुरू होती. तिथून ऑकलंडला जाताना घड्याळाचे काटे आणखी पाच तास मागे गेले. ऑकलंडहून घरी येताना साडेसहा तास मागे. या तिन्हींची बेरीज करा, साडेबारा अधिक पाच अधिक साडेसहा. बरोबर चोवीस तास होतात, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. म्हणजे मंगळवार कोणी नेला नाही. तो आईंना तीन हप्त्यांत मिळाला. त्यांच्या प्रवासाचे दिवस नेहमीच्या दिवसांपेक्षा लांब होते, त्या लांबलेल्या तासांना कोणी वार म्हटले नाही इतकेच.

हा घोळ आईंच्या आधी फार मोठ्या लोकांचा झालेला आहे. मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेले खलाशी १५२२ च्या जुलैमध्ये केप व्हर्दे बेटांपाशी आले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने बुधवार होता आणि किनाऱ्यावरचे लोक गुरुवार सांगत होते. पिगाफेट्टा याने प्रवासात रोजची नोंद ठेवली होती, त्यामुळे आपली चूक झालीच कशी हे त्याला कळेना. पुढे उलगडा झाला, की नोंदीत चूक नव्हतीच. सतत पश्चिमेकडे जात पृथ्वीला फेरी घातल्यामुळे त्यांचा एक दिवस कमी भरला होता. आईंचा प्रवासही पश्चिमेकडचाच होता आणि त्यांचीही मोजणी चोख आहे.

ही रेषा साधारण १८० अंश रेखावृत्तावरून जाते, पण ती सरळ नाही आणि कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेलीही नाही. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिच हे मूळ रेखावृत्त ठरले. रेषेच्या कोणत्या बाजूला राहायचे हे मात्र तिथले देश स्वतःच ठरवतात. सामोआने बाजू बदलली तेव्हा तिथे २०११ सालच्या २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर एकदम ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. आईंचा एक मंगळवार गेला, तिथे अख्ख्या देशाचा शुक्रवार गेला.

दर्यावर्दी लातूरकर

मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली आहे आणि पॅसिफिक महासागर अनेकदा ओलांडला आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. विमानात हे एका झोपेत उरकते. जहाजावर ते हळूहळू होते, त्यामुळे सरांनी सांगितलेले हप्ते आम्हाला प्रत्यक्ष दिसतात. पश्चिमेकडे जाताना दर काही दिवसांनी रात्री घड्याळे एक तास मागे घेतल्याची सूचना लागते, त्या रात्री झोपायला एक तास जास्त मिळतो, आणि मग एके दिवशी सूचना लागते, की उद्याचा वार गाळला आहे. पूर्वेकडे जाताना याच्या उलट. रोजच्या झोपेतून तास कापले जातात आणि रेषेपाशी एकच वार दोनदा येतो. जहाजाच्या नोंदी आणि संदेश जागतिक प्रमाणवेळेत चालतात, म्हणून कामात गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो माणसांचा.

माझा शनिवारचा उपवास असतो. जपानहून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जाताना एकदा वाररेषा नेमकी शनिवारी आली आणि फळ्यावर सलग दोन दिवस शनिवार लिहिला गेला, तारीखसुद्धा तीच. मी पहिल्या शनिवारी उपवास केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भटारखान्यात गेलो, तर आमचा आचारी म्हणाला, "साहेब, आजही शनिवार आहे." मी थोडा वेळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशीही उपवास केला. देवाच्या बाबतीत शंका राहू नये, असे मला वाटले. आईंच्या मंगळवारची भरपाई माझ्या शनिवारने होत नाही हे मला समजते, पण एकाचा वार जातो तेव्हा दुसऱ्या कोणाला तो दोनदा मिळत असतो, हे त्यांना जरूर सांगा.

मेलबर्नवासी जालनेकर

आमच्याकडे इतका विचार करत नाहीत. आई जालन्याहून फोन करून सांगते, त्या दिवशी आम्ही उपवास करतो. घरचे पंचांग धरले की प्रश्नच मिटतो.

पैठणचा पंचांगवाला

जालनेकर, आपली भावना मी समजतो, परंतु ही पद्धत मला पटत नाही आणि या प्रकरणात तर ती आईंच्या विरुद्ध जाईल. गंगाखेडचा मंगळवारचा सूर्योदय झाला तेव्हा कॅलिफोर्नियात सोमवारची संध्याकाळ होती आणि आई त्यानंतर जेवल्या असणार. घरचे पंचांग धरले तर त्यांनी एकादशीला अन्न घेतले असे म्हणावे लागेल, आणि ते खरे नाही.

तिथी ही वारासारखी घड्याळावर चालत नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते. शुक्ल एकादशी १२० अंशांवर लागते आणि १३२ वर संपते, वद्य एकादशी ३०० ते ३१२. हे आकाशात घडते, म्हणून तिथी सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. जागेप्रमाणे बदलतो तो सूर्योदय, आणि व्रताचा दिवस त्या त्या ठिकाणच्या सूर्योदयावरून ठरतो. ताई, घरच्या पंचांगात त्या एकादशीचा आरंभ आणि समाप्ती किती वाजता दिली आहे, ते कळवाल का?

गंगाखेडची लेक

वडिलांनी पाहून सांगितले. सोमवारी रात्री सव्वादहाला लागली आणि मंगळवारी रात्री आठ वाजता संपली.

पैठणचा पंचांगवाला

धन्यवाद. आता आईंना जवळ बसवून हे वाचून दाखवा.

आपल्याकडे सोमवारी रात्री सव्वादहा वाजले, तेव्हा कॅलिफोर्नियात सोमवारची सकाळ होती, पावणेदहाची. एकादशी तिथे तेव्हाच लागली. त्या क्षणापासून विमान निघेपर्यंत पावणेतेरा तास झाले. विमान निघाले तेव्हा गंगाखेडला मंगळवारचे सकाळचे अकरा वाजले होते आणि तिथी संपली रात्री आठला, म्हणजे पुढचे नऊ तास आकाशात गेले. एकूण पावणेबावीस तास. ती एकादशी एवढीच होती आणि ती संपूर्ण आईंनी अनुभवली आहे, त्यातला एक क्षणही गाळला गेलेला नाही. गेले ते फक्त मंगळवार हे नाव.

आता व्रताचे. सोमवारचा सूर्योदय त्यांनी कॅलिफोर्नियात पाहिला, तेव्हा दशमी होती. पुढचा सूर्योदय त्यांनी पाहिला तो सुमारे साडेएकोणतीस तासांनी, ऑकलंडला बुधवारी, विमान उतरल्यावर अर्ध्या तासाने. तेव्हा द्वादशी होती. एकादशीचा सूर्योदय त्यांच्यापुढे झालाच नाही, आणि जो दिवस उगवलाच नाही त्याचे व्रत मोडणार कसे? माझ्या मते आईंचा नेम अखंड आहे. कोणाचे मत वेगळे असेल तर त्यांनी अवश्य मांडावे, पण मी हे पूर्ण विचारांती लिहिले आहे.

गंगाखेडची लेक

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी सगळे वाचून दाखवले. सरांच्या हिशेबाच्या वेळी आईने वाटीत शेंगदाणे घेतले आणि साडेबारा, पाच, साडेसहा अशा तीन ओळी मांडून स्वतः मोजून पाहिले. अर्ध्या तासासाठी तिने शेंगदाण्याची डाळ केली. चोवीस भरल्यावर तिने वडिलांकडे पाहिले आणि वडिलांनी पुन्हा एकदा मोजले.

पैठणच्या काकांचे उत्तर ऐकल्यावर मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मलाही माहीत नव्हती. त्या रात्री विमानात जेवण आले तेव्हा मी झोपले होते. तिने ते परत पाठवले होते आणि सकाळपर्यंत फक्त पाणी घेतले होते. तिच्या मनाने एकादशी केव्हाच धरली होती. ऑकलंडला बहिणीच्या घरी गेल्यावर तिने आंघोळ केली, हरिपाठ म्हटला आणि लाडू खाऊन बुधवारचा दिवसभर उपवास केला होता, तो कोणत्या तिथीचा धरायचा हे तिला अजून ठरवायचे आहे.

लातूरकर दादांना तिने एक निरोप दिला आहे. दुसऱ्या शनिवारी त्यांनी चहा घेतला होता का, असे तिने विचारले आहे.

दर्यावर्दी लातूरकर

काकूंना सांगा, दोन्ही शनिवारी फक्त काळा चहा घेतला. जहाजावरचे दूध संपले होते.