आधी ऱ्हस्व-दीर्घ की आधी वाक्याची बांधणी?

टाकबोरू:
शुद्ध लेखनाचं कौतुक निघालं की सगळ्यांची नजर वेलांटी-उकारावर जाते. माझ्या मते वाचक तिथे क्वचितच अडतो, तो अडतो वाक्याच्या बांधणीत. 'शिक्षकांनी मुलाला वर्गाबाहेर जाताना पाहिले.' बाहेर कोण जात होतं, मुलगा की शिक्षक? एकही उकार चुकलेला नाही, तरी वाक्य फसलंय. 'मुलगा वर्गाबाहेर जात होता, तेव्हा शिक्षकांनी त्याला पाहिले' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. तसंच 'अर्जांची छाननी करण्यात येईल'. करणार कोण? कर्ता लिहा.

कानामात्रा:
अजिबात पटलं नाही. 'त्याचे म्हणणे' आणि 'त्यांचे म्हणणे' यांत फरक एका टिंबाचा, पण बोलणारा माणूसच बदलतो. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. दिन-दीन, सुत-सूत तसेच. आणि नियम आहेत तरी किती? साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले, एकूण १८. रोजच्या लिहिण्यात त्यातले दोन सर्वांत जास्त लागतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, चाकू. अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, पण सामान्यरूपात ऱ्हस्व: वकील-वकिलाला, फूल-फुलाला.

विरामचिन्ह:
दोन नियमांवर भागत नाही. गरीब-गरिबाला, मग शरीर-शरीराला का? कारण 'शरीर' तत्सम. 'मंदिर', 'विष', 'गुण' यांत तर मुळातच ऱ्हस्व. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, हे लिहिणाऱ्याने ओळखायचं कसं? बोलताना तो फरक फारसा ऐकूही येत नाही. इथे मराठीची नाही, संस्कृतची परीक्षा होते, आणि तीत नापास झालेला माणूस लिहायलाच बिचकतो. हे नुकसान मोठं आहे.

कानामात्रा:
त्यावर उपाय शब्दकोश. सूट नव्हे.

टाकबोरू:
टिंबाचं मान्य, कारण ते अनेकवचनाचं (किंवा आदराचं) चिन्ह आहे, म्हणजे व्याकरणच. 'आईने मुलीला शाळेत पाठवली' हीसुद्धा व्याकरणाची चूक. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कर्माचं लिंग घेत नाही, प्रमाण लेखनात 'पाठवले' हवं. अशा चुका आधी पकडा. मग लांब वाक्यं तोडा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मध्ये वीस-पंचवीस शब्द कोंबले की क्रियापदाशी पोचेपर्यंत कर्ता हातातून निसटतो. वेलांट्या त्यानंतर.

कानामात्रा:
क्रम ठीक, पण वेलांट्यांची फेरी स्वतंत्रच हवी. अर्थ लागत गेला की डोळा अक्षरावरून घसरतो, म्हणून शेवटच्या वाक्यापासून उलट वर या. त्याच फेरीत तुटलेली शब्दयोगी अव्ययंही सापडतात: 'घरा समोर' नव्हे, 'घरासमोर'.

विरामचिन्ह:
ही फेरी मुद्रितशोधकाने जरूर करावी. साधी सूचना लिहिणाऱ्यावर ती लादू नये, एवढंच माझं म्हणणं.