वाळूज, सातारा-देवळाई, पैठण रोड की करमाड? 30 लाखांत घर कुठे बघावं?

हक्काचं_छप्पर (प्रश्न)

छत्रपती संभाजीनगरच्या आजूबाजूला घर बघतोय. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन लेकरं आणि आई. माझी नोकरी वाळूज एमआयडीसीत, मिसेस सिडकोत शाळेवर. दोघांचे मिळून हातात 58,000 येतात, गाठीला 8 लाख आहेत. सगळा खर्च धरून 30 लाखांच्या वर जायचं नाही. दोन बेडरूमचा फ्लॅट किंवा लहान रो-हाउस चालेल.

यादीत आहेत: बजाजनगर-वडगाव कोल्हाटी, सातारा-देवळाई, पैठण रोडला नक्षत्रवाडी-कांचनवाडी, जळगाव रोडला सावंगी आणि जालना रोडला करमाड. दलाल प्रत्येक जागेला "दोन वर्षांत भाव डबल" म्हणतो. भावाचं सोडा, राहायला कोणतं बरं? तुलना करायची तरी कशी? आणि साताऱ्यात एक रो-हाउस बाकीच्यांपेक्षा 5 लाखांनी स्वस्त मिळतंय. ते स्वस्त का, हेच कळत नाहीये.

हप्तेमोजणी

दादा, 30 लाख म्हणजे 30 लाखांचं घर नव्हे. करारनाम्यातली किंमत 26 लाखांच्या आसपास ठेवा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह 6 टक्के, म्हणजे 1.56 लाख. नोंदणी फी 1 टक्का, 26,000 (ही 30,000 च्या वर जात नाही). बांधकाम चालू असेल तर जीएसटी 1 टक्का, आणखी 26,000. हा 1 टक्का कार्पेट (घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र) 90 चौरस मीटरपर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल तरच. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण, राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागतच नाही. झाले 28.08 लाख. उरलेले 1.92 लाख वीजमीटर, सोसायटीची अनामत, वकील, बँकेची फी, ग्रिल, ओटा-ट्रॉलीत कसे जातात ते कळतही नाही.

आता तुमच्या 8 लाखांतून 2.08 लाख सरकारी खर्च आणि हे 1.92 लाख वजा करा. राहिले 4 लाख. म्हणजे कर्ज 22 लाख. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांना लाखामागे 868 रुपये हप्ता, 22 लाखांना सुमारे 19,090. तुमच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. इथंच थांबा. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण देते म्हणून घ्यायचं नसतं.

घर फक्त वहिनींच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. 26,000 वाचतील. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट नाही. तुम्ही सहकर्जदार म्हणून राहू शकता. आणि आधी पक्कं घर नसेल तर प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 ची व्याज सवलत बघा: वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, मिळतात जास्तीत जास्त 1.80 लाख, तेही पाच हप्त्यांत. ते मिळतीलच असं धरून बजेट मात्र वाढवू नका.

गावांची तुलना करताना हप्त्यात पेट्रोल मिळवा. करमाड ते वाळूज एका बाजूनं 35 किलोमीटर धरलं, तर महिन्याचे 26 दिवस म्हणजे 1,820 किलोमीटर. गाडी 45 चं अॅव्हरेज देते, पेट्रोल 105 रुपये धरा: 4,250 रुपये. एवढ्यात 20 वर्षांच्या कर्जाचे जवळपास 5 लाख फिटतात. करमाडचं घर 5 लाखांनी स्वस्त असेल तरी तुमच्यासाठी ते स्वस्त नाही. करमाडजवळच्या शेंद्र्यात नोकरी असणाऱ्याचं गणित बरोबर उलटं.

सूची_दोन

साताऱ्याच्या स्वस्त रो-हाउसबद्दल लिहिते. बघितल्याशिवाय सांगणं धाडसाचं आहे, पण दहातल्या आठ वेळा उत्तर एकच असतं: गुंठेवारी.

शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले, एनए (बिगरशेती परवानगी) नाही, मंजूर ले-आऊट नाही, बांधकाम परवाना नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं अशी घरं नियमित करायची सोय केली, 2021 च्या दुरुस्तीनं मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. त्यामुळे "गुंठेवारीत आहे" आणि "गुंठेवारी झालेली आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मालकाला विचारा, महापालिकेचं नियमितीकरण प्रमाणपत्र आणि सोबतचा मंजूर नकाशा दाखवा. अर्ज केल्याची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आणि नकाशात तळमजला असेल नि वर दोन मजले चढवलेले असतील, तर वरचे दोन कागदावर नाहीतच.

प्रमाणपत्र नसेल तर मोठ्या बँका बहुधा हात वर करतात. मग राहतात फायनान्स कंपन्या. व्याज 11 टक्के आणि मुदत 15 वर्षं धरा: 17 लाखांना हप्ता येतो 19,320. वर हप्तेमोजणी यांनी 22 लाखांचा काढलाय 19,090. म्हणजे 5 लाखांनी स्वस्त घराचा हप्ता 230 रुपयांनी जास्त! पाच वर्षं आधी फिटतं हे खरं. पण उद्या विकायला काढाल तेव्हा समोरच्यालाही हेच कर्ज मिळणार, म्हणजे तुम्हालाही पाच लाख सोडावे लागणार.

बॉण्डवरची (नुसत्या स्टॅम्प पेपरवरची) खरेदी असेल तर चहा पिऊन परत या. बॉण्डवर नोटरी केली म्हणून मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.

आता मराठवाड्याचं खास दुखणं. आपल्याकडच्या जमिनींच्या नोंदी निजामी काळापासूनच्या आहेत. सातबारा कोरा दिसतो, आणि मूळ इनामाचं (राजवटीनं बक्षीस किंवा सेवेपोटी दिलेल्या जमिनीचं) असतं. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान, गायरान, हैदराबाद कूळ कायद्यातली कुळाची जमीन, असे प्रकार. खिदमतमाश म्हणजे मशीद-मंदिराच्या सेवेसाठी दिलेली, तिच्या नादी लागूच नका. वकिलाला 30 वर्षांचा मालकीचा शोध तर सांगाच, शिवाय तहसीलमधून 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक काढायला लावा. तिथं मूळ धारक कोण ते दिसतं. त्या सालापासून आजपर्यंतचे फेरफार साखळीसारखे जुळले पाहिजेत. एक कडी तुटली की थांबायचं.

घरबसल्या करता येण्यासारखं: महाभूमी पोर्टलवरून डिजिटल सहीचा सातबारा काढा (15 रुपये), त्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) ते बघा, "इतर हक्क" रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या गटाची सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या खरेदी-विक्रीचा उतारा) शोधा. एकच प्लॉट दोघांना विकलेला असेल तर बहुतेक वेळा इथंच सापडतो.

सावंगी आणि करमाडकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून "घर नावावर आहे" म्हणतात. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. तिथं एनए आदेश, मंजूर ले-आऊट आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची बांधकाम परवानगी, तिन्ही मागा. झालर क्षेत्रातल्या (शहराच्या कडेच्या) गावात असाल तर झोन दाखलाही (जमीन कोणत्या वापराची ते सांगणारा). हिरव्या पट्ट्यातला प्लॉट कितीही गोजिरा दिसला तरी तो शेतच.

मुरूम_की_काळी

कागद झाले, आता पाणी. आपल्याकडे हाच पहिला प्रश्न असायला पाहिजे खरं तर.

माणशी दिवसाला 135 लिटरचं प्रमाण धरतात. पाच माणसं, 675 लिटर. नळाला पाचव्या दिवशी पाणी येत असेल तर 3,375 लिटर साठवण लागते, आठव्या दिवशी येत असेल तर 5,400. म्हणजे हौद आतून 8 फूट लांब, 6 रुंद आणि पाणी 4 फूट उभं. रो-हाउसच्या पार्किंगखाली झाकण उघडून टेपनं मोजा. बऱ्याच ठिकाणी 5 बाय 4 बाय 4 चा निघतो, त्यात 2,260 लिटर मावतं, म्हणजे सव्वातीन दिवस. पुढचे दिवस टँकर.

फ्लॅटमध्ये "24 तास पाणी" लिहिलेलं असतं. कुठलं, ते विचारा. 24 घरं गुणिले 675 म्हणजे दिवसाला 16,200 लिटर. एप्रिल-मेमध्ये बोअर आटला तर रोज 5,000 लिटरचे तीन टँकर वर थोडं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या मार्च ते जूनची टँकरची बिलं मागा आणि 24 नं भागा. मेंटेनन्सच्या आकड्यात ही रक्कम कधीच नसते. आपल्याकडं खाली बेसॉल्ट, पाणी खडकाच्या भेगांत. शेजाऱ्याचा बोअर 200 फुटांवर लागला म्हणून तुमचा लागेल असं काही नाही.

नक्षत्रवाडीत शहराच्या पाण्याचा मोठा जलकुंभ आहे, जायकवाडीहून येणारी मुख्य लाइन पैठण रोडनंच येते. दलाल हे हमखास दाखवतो. पण ती मोठी लाइन. तिच्यातून तुमच्या गल्लीत तोटी निघत नाही. अंतर्गत वितरण लाइन टाकली आहे का, त्यातून पाणी सुरू आहे का आणि दर किती दिवसांनी, हे त्याच गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा. बिल्डरला नाही.

बोअरचं पाणी प्यायचं असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर खिशात ठेवा. 500 पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 ही शेवटची मर्यादा. मीटर नसेल तर जुन्या बिऱ्हाडाच्या नळाचं तोंड बघा. पांढरा खडा जमलेला असेल तर गिझरची कॉइल दोन-तीन वर्षांत जाणार.

पाया. करमाड, बिडकीनकडे अनेक ठिकाणी काळी माती खोल आहे, सातारा डोंगराच्या पायथ्याला मुरूम लवकर लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया त्याच थरात संपवला असेल तर घर दर वर्षी हलतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर जाणारी भेग बघा. प्लास्टरच्या भेगा केसासारख्या नि वेड्यावाकड्या असतात, त्यांचं काही नाही. पण तिरप्या भेगेत नख शिरत असेल, आणि तीच भेग बाहेरच्या बाजूनंही दिसत असेल, तर पाया बसलाय. नवा रंग फक्त खिडक्यांभोवती मारलेला दिसला तर जास्तच बारकाईनं बघा.

साताऱ्यात मुरमाचं सुख, पण डोंगराचं पाणी खाली येणारच. ओढा बुजवून पाडलेले प्लॉट आहेत. भूनकाशावर (जमिनींच्या ऑनलाइन नकाशावर) गटाशेजारून ओढा जातो का ते पाहा, आणि जोराच्या पावसानंतर तासाभरात जाऊन या. ड्रेनेजला जोड आहे की सेप्टिक टँक, आणि तो उपसायला गाडी गल्लीत शिरते का, हेही त्याच फेरीत.

तिसगाव_चौफुली

बजाजनगरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. एमआयडीसीच्या हद्दीत पाणी एमआयडीसीचं, त्यामुळे शहरापेक्षा भरवशाचं. बाजार, दवाखाने, शाळा चालत जाण्याएवढ्या. पण जमीन मालकीची नाही, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याची. रो-हाउस घेताना पट्टा कोणत्या साली सुरू झाला ते बघा, किती वर्षं उरली ते काढा. हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद. लागूनच वडगाव कोल्हाटी, रांजणगावात गेलात की पाण्याचं आणि कागदाचं सगळं बदलतं, पत्ता मात्र "बजाजनगरजवळ".

वहिनींना मात्र रोज छावणी-नगर नाका ओलांडून सिडको गाठायचंय. सकाळी शिफ्टची गर्दी आणि शाळेची वेळ एकत्र येते. एकदा स्वतः गाडी काढून त्याच वेळी जाऊन बघा. कंपन्यांचा वास पावसाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्यानं येतो, म्हणून रात्री दहानंतरही एक चक्कर मारा.

सावंगी तुमच्यासाठी कापून टाका. तिथला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज रोज वाळूजला जायला कामाचा नाही.

हक्काचं_छप्पर

सगळ्यांचे आभार. मालकाला फोन केला: प्रमाणपत्र नाही, "अर्ज टाकलाय" म्हणाला. साताऱ्याचं घर सोडलं. आता कांचनवाडीतला बांधकाम चालू असलेला फ्लॅट आणि बजाजनगरचा तयार फ्लॅट राहिले. कांचनवाडीहून लिंक रोडनं मला वाळूज पडतं, मिसेसलाही सिडको त्यामानानं जवळ. बिल्डर म्हणतो 950 चौरस फूट, आणि बुकिंगला 4 लाख रोख द्या म्हणजे रेट धरून ठेवतो. देऊ का?

सूची_दोन

नका देऊ. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणं रेरा (बिल्डरांच्या नियमनाचा) कायद्यात बसत नाही. 26 लाखांवर ती मर्यादा 2.60 लाख. आणि रोख तर नाहीच, चेक किंवा खात्यावरून. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि 8 पेक्षा जास्त घरं असतील तर महारेरा नोंदणी बंधनकारक आहे. क्रमांक घेऊन संकेतस्थळावर बघा. तिथं ताबा द्यायची तारीख, जमिनीवरचा बोजा, विकलेली घरं, सगळं असतं. 950 हा आकडा बहुतेक सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा (लोडिंग) मिळवलेला. 35 टक्के लोडिंग असेल तर कार्पेट 703 निघेल. भाव कार्पेटवर काढा, मग बजाजनगरच्या फ्लॅटशी ताडून बघा. आणि तयार फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र असेल तर तिथं जीएसटी नाही, हेही धरा.

इसार पावती करायचीच तर एवढं वाक्य हातानं लिहून दोघांच्या सह्या घ्या: "राष्ट्रीयीकृत बँकेने या मिळकतीवर कर्ज नामंजूर केल्यास इसाराची पूर्ण रक्कम 15 दिवसांत विनाकपात परत केली जाईल." खाली फ्लॅट नंबर, मजला, कार्पेट, एकूण किंमत, आणि पार्किंग किमतीत धरली आहे की नाही. बिल्डरनं हे लिहायला नकार दिला तर बँकेचे वकील काय सांगणार आहेत ते त्याला आधीच माहीत आहे.