मदत हवी आहे: रोमन नाण्यावरची बाई कोण? (तातडीचं)

वैतागराव: चांदीचं रोमन नाणं घेतलंय. पुढे बाई, मागे उभी बाई आणि कोंबडीसारखं काहीतरी. कोणाचं आहे, खरं आहे का? परत करायची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे. लवकर सांगा.

नाणेघाट: फोटो? वजन? पुढची अक्षरं? रोममध्ये बायका काय कमी होत्या?

वैतागराव: फोटो चढत नाहीये. आयव्हीएलआयए आणि पुढे एव्हीजी. काळपट आहे.

चिंचगूळ: काळपट असेल तर चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवा. आमचे देव असेच लख्ख होतात.

नाणेघाट: अजिबात नको! त्या काळपटपणालाच किंमत असते. वैतागराव, आयव्हीएलआयए म्हणजे ज्युलिया आणि एव्हीजी म्हणजे ऑगस्टा, सम्राज्ञीची पदवी. ही बहुतेक ज्युलिया डोम्ना, रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची बायको. मागे जुनो देवी, आणि ती कोंबडी नाही, मोर आहे. नावात डोम्ना असेल तर इ.स. 193-196, नुसतं ज्युलिया ऑगस्टा असेल तर 196-211, पिया फेलिक्स असेल तर मुलाच्या, कॅराकॅलाच्या काळातलं.

जुनंतेसोनं: मोर फाउस्टिना या आधीच्या सम्राज्ञीच्या नाण्यांवरही असतो. केस कसे आहेत? थोरल्या फाउस्टिनाचा अंबाडा डोक्यावर असतो.

नाणेघाट: अहो, आयव्हीएलआयए लिहिलंय ना त्यांनी! फाउस्टिना मध्येच कुठून आली?

वकीलसाहेब: 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

वैतागराव: सापडलेलं नाहीये हो, विकत घेतलंय. आणि मी म्युनिकला राहतो.

तेरणाकाठ: आमच्या तेरचं नाव पेरिप्लस या समुद्री व्यापारावरच्या जुन्या ग्रीक ग्रंथात आहे, तगर म्हणून. भारतात सापडलेल्या रोमन चांदीत ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची नाणी ढिगानं आहेत. टायबेरियसच्या नाण्यामागे बसलेली बाई म्हणजे त्याची आई लिव्हिया, असं बरेच जण मानतात. तुमची ज्युलिया त्यानंतर दीडेकशे वर्षांनी.

वैतागराव: छान. पण माझं खरं की खोटं? कडेला तांबूस दिसतंय.

जुनंतेसोनं: मुलामा! परत करा.

नाणेघाट: घाई नको. सेव्हेरसनं नाण्यातली चांदी निम्म्याच्या आसपास आणली होती, तांबूस झाक येऊ शकते. सोललेल्या पापुद्र्याखाली तांबं दिसत असेल तर मुलामा. तो त्या काळातले खोटारडेही द्यायचे, आणि तशीही नाणी लोक जमवतात. कडेला साच्याची रेघ असेल तर मात्र सरळ परत. वजन साधारण तीन-सव्वातीन ग्रॅम हवं. काटा आहे का घरी?

वैतागराव: स्वयंपाकघरातला आहे. तीन दाखवतो, मग दोन, मग परत तीन.

नाणेघाट: सोनाराकडे जा. कडेचं काय?

चिंचगूळ: किती युरोला पडलं?