कॅरमल: ढवळू नका, लिंबू घाला

कॅरमल करताना साखर करपू नये म्हणून सतत ढवळत राहा, असा सल्ला दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. पाणी घालून करत असाल तर ढवळल्यानेच पाकात रवे धरतात आणि साखर परत दाणेदार होते. पातेलं नुसतं हलकेच फिरवायचं, कडेला उडालेले थेंब ओल्या ब्रशने खाली ओढायचे.

रवे धरू नयेत म्हणून लिंबाचा रसही घाला. वाटीभर साखरेला सुरुवातीलाच पाच-सहा थेंब रस पुरतो. आंबटपणामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग रवे सहसा धरत नाहीत. आणि पातेलं स्टीलचंच घ्या, काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही. १७० अंशांच्या पुढे तो फार भरभर बदलतो. तांबूस झाला की गॅस बंद करा, पातेल्याच्या उष्णतेवर आणखी गडद होतोच.