घरात काय चाललंय? (सोलापूर, दहावी ९१ चा ग्रुप, लिवा रे)

सुमी, बाळीवेस

काल माळ्यावरची ट्रंक काढली. गड्डा आलाय, आपली सिद्धेश्वराची जत्रा, ह्यांची बाराबंदी (तो नाड्यांचा पांढरा अंगरखा) धुऊन इस्त्री करून ठेवावी म्हणलं. एकदा घालून बघा म्हणलं. वरच्या नाड्या बसल्या, पोटावरच्या बसेनात. चार बोटं अंतर. हे श्वास ओढून उभे, मी गाठ मारलालीय, आणि पलंगावरून सासूबाई, "सोड गं, तुटंल नाडी." आणि मग त्या जे हसायला लागल्या, थांबेचनात. मामंजी गेल्यापासून त्यांना एवढं हसताना बघितलं नव्हतं.

ती बाराबंदी मामंजींचीच. त्यावरून लग्नानंतरचा माझा पहिला गड्डा आठवला. तोवर मला गड्डा म्हणजे पाळणे आणि भेळ एवढंच माहीत. संमती कट्ट्यावर 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' चाललेलं, लोक सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता टाकलालेत, आणि मी खाली मान घालून चप्पल शोधतेय. एक पायातली गर्दीत गेली. मामंजी माझ्याशी सरळ कधी बोलायचे नाहीत. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचे, त्या नसल्या तर भिंतीला. रात्री जेवताना भिंतीला म्हणाले, "माणसानं एका चपलेवर गाव हिंडू नये." दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात नव्या पेठेतल्या दुकानाचा खोका. माप अगदी बरोबर. माप कुठनं मिळालं हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही.

आता लेक पुण्यात, सुट्टी नाही म्हणते. पोरगं बारावीला, घरात असून नसल्यासारखं. सासूबाईंचे गुडघे, ह्यांची शुगर, मधे मी. कधी बरं चालतं, कधी भांडी आपटते. तुमच्याकडं काय? नुसती गुड मॉर्निंगची फुलं टाकू नका.

मॉनिटर

एक चप्पल उरली होती की गं घरात. त्यावरनं माप घेतलं असणार. एवढं शिकलीस कशाला?

सुमी, बाळीवेस

अरे देवा. एवढ्या वर्षांत डोक्यात आलं नाही.

राजू टॉवेल

पोट हे सोलापूरचं खरं उत्पादन हाय, चादर नंतर. सुमे, टेलरकडं दे, बगलेत कळी टाकून देतो. माझी दोनदा टाकून झाली. आता कळ्याच जास्त, बाराबंदी कमी.

लेकीला म्हणावं अक्षतेला जमलं नाही तर दोन दिवसांनी दारूकामाला ये. होम मैदानावर उभं राहून वर बघायचं, अजून काय पाहिजे. पोरं त्याला येतात, देवाला येत नाहीत.

पद्दी

सुमे, तुझ्या सासूबाई हसल्या, आमची अम्मा परवा रडली. लिहू का नको करत होते.

तुम्हाला माहीतच आहे अम्मा विड्या वळायची. तुम्ही अभ्यासाला यायचा तेव्हा सूप मांडीवर घेऊनच बसलेली असायची. रात्री पान भिजवायचं, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याचे वेढे, तोंड मुडपायचं. सगळा हिशोब हजाराचा. दुपारी माल घेऊन गेली की तिथला माणूस छाट, म्हणजे नापास विड्या, काढायचा, आणि किती छाट निघाली त्यावर रात्री घरात कालवण का नुसती चटणी ते ठरायचं. माझी कॉलेजची फी त्यातली.

आता लेकीला बँकेत नोकरी लागली, मी म्हणलं अम्मा बास. बंद केलं तिनं. पण हात बंद होत नाहीत. टीव्ही बघताना पदराचं टोक वळत बसते, उलगडते, परत वळते. परवा लेक शेजारी बसली आणि सहज म्हणाली, अम्मम्मा, तुझ्या हाताला अजून तंबाखूचा वास येतोय. काही मनात नव्हतं पोरीच्या. अम्मा उठली, मोरीत गेली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. परत लावला, परत धुतले. मग तिथंच पाटावर बसून रडली.

मी लेकीला काही बोलले नाही. काय बोलणार? रात्री बघते तर लेकच तिच्या हाताला खोबरेल चोळत बसलेली, दोघींचं तेलुगूत कुजबुज चाललेलं. मला बघून गप्प. सकाळी अम्मा ठणठणीत, उप्प्यात मीठ नाही म्हणून मलाच बोलली.

अन्नू

पद्दे 🙏 तुझ्या अम्माच्या हातची पुलिहोरा खाल्लीय आपण. तो वास तेव्हा होता की नव्हता मला तर आठवतही नाही.

राजू टॉवेल

आज विजापूर रोडला पाणी आलं का कुणाकडं?

मॉनिटर

पहाटे दोनला आलं. राजा, धागा काय चाललाय आणि तू काय विचारतोस बे.

राजू टॉवेल

अरे तोच विषय हाय. घरातली वर-खाली म्हणजे आमच्यात पाणीच. खाली हौद, वर टाकी. उजनी ११७ टीएमसीचं धरण, काठोकाठ भरलं की पेपरात फोटो येतो, बायको तो फोटो बघून म्हणते, बघा किती पाणी हाय आपल्याकडं. आणि नळाला चार-पाच दिवसांनी, तेही रात्री. आमच्यात ठरलंय, मी उठायचं आणि तिनं मोटर लावायची. मी उठत नाही, ती लावत नाही, सकाळी दोघं एकमेकांकडं बघतो. पोरगी बाल्कनीतनं पुणेरी आवाजात म्हणते, टँकर मागवू का? म्हणलं तू पगार मागव आधी.

चष्मा

वाचतोय सगळं. आज लिहितो मी पण.

बाबांना तुम्ही ओळखता. लक्ष्मी-विष्णूत होते. मिल बंद पडली त्याला पंचवीस वर्षं कधीच होऊन गेली. गेल्या दिवाळीपासून त्यांचं विसरणं वाढलंय. माणसं ओळखतात, काळ ओळखत नाहीत. पहाटे उठून बसतात आणि विचारतात, "भोंगा झाला का?" मी सांगायचो, बाबा, मिल नाही आता. तर रोज नव्यानं तोंड उतरायचं त्यांचं. रोज. नोकरी गेल्याचं दुःख एकदाच होतं माणसाला, त्यांना मी रोज देत होतो.

बायको शहाणी. ती एक दिवस म्हणाली, तुम्ही सरका. त्यांचा जुना पितळी डबा काढला, भाकरी-भाजी भरली, हातात दिला आणि म्हणाली, "मामा, भोंगा व्हायचाय अजून, बसा ओट्यावर." बसले. येणारे-जाणारे नमस्कार करतात, हे पण करतात. दहाच्या सुमारास डबा उघडून खातात, हात धुतात आणि आत येऊन म्हणतात, "आलो." ती म्हणते, "आज लवकर सुटली पाळी." मग झोपतात दुपारपर्यंत.

भाऊ ठाण्याला असतो. फोनवर म्हणतो, असं खोटं बोलून त्यांना नादी लावू नका, डॉक्टरला विचारा. डॉक्टरला विचारलंय. पण डब्यात भाजी कुठली द्यायची ते डॉक्टर सांगत नाहीत. परवा घेवड्याची दिली तर परत आणली पूर्ण, म्हणाले, कँटीनची बरी.

सुमी, बाळीवेस

तुझ्या बायकोला माझा साष्टांग सांग.

पद्दी

काका अजून पहाटे उठतात हे ऐकूनच बरं वाटलं. आम्ही शाळेत जाताना त्या भोंग्यावर घड्याळ लावायचो.

मॉनिटर

चष्म्या, भावाला एक आठवडा आणून ठेव इथं. बाकी काही बोलू नको. आठवडाभर पहाटे उठू दे त्याला.

अन्नू

चष्मा ❤️ विषय जरा हलका करते. पाळीचा विषय निघालाच आहे (मिलच्या नव्हे) तर सांगते, माझी जायच्या मार्गावर आहे. मे महिन्यात सोलापूर ४४ ला, आणि माझ्या आत वेगळं ४४. कूलरसमोर बसून घामाघूम. हे आपले चादर अंगावर घेऊन म्हणतात, कूलर बंद कर, थंडी वाजते. मी म्हणलं, आज एक तर कूलर राहील नाहीतर तुम्ही. आता हे हॉलमध्ये झोपतात. शेजारणीनं सासूला विचारलं म्हणे, सुनेचं-मुलाचं बिनसलंय का? सासूनं काय उत्तर द्यावं! "बिनसलं नाही, उकडतंय." माझ्या बाजूनं बोललेलं तेवढं एकच वाक्य.

पोरींनो, तपासून घ्या बरं का. माझं हिमोग्लोबिन आठ निघालं. मी समजत होते सुनांनी थकायचंच असतं.

राजू टॉवेल

आम्ही वाचलं नाही. पुढचं लिवा.

मॉनिटर

मी लिहितो. आमच्या सूनबाई पुण्याच्या. पहिल्यांदा घरी आल्या, आम्ही सगळे जेवायला बसलो. अण्णा, मी, धाकटा, आत्या, सगळे बोलतोय आपलं. पोरगी ताटावरनं उठून आत गेली. मुलानं विचारलं तर डोळ्यांत पाणी, "तुमच्यात भांडण चाललंय माझ्यावरनं." भांडण कसलं! आम्ही कारल्याविषयी बोलत होतो.

आमचं घर मागानं वाढलेलं. खाली आठ माग, वर आम्ही. त्या खटखटाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओठ वाचायचे. माग विकून दहा वर्षं झाली तरी आवाज खाली येईना. अण्णा अजून फोनवर बोलले तर समोरच्याला फोनची गरज नसते. आता सूनबाई पण आमच्यातल्या झाल्या. परवा माहेरी जाऊन आली, तिच्या आईनं मला फोन केला, ही एवढी का ओरडते?

मागाचा आवाज बंद झाला तेव्हा मात्र अण्णांना वर्षभर झोप लागत नव्हती. भंगारवाला माग उचलायला आला त्या दिवशी ते सिद्धेश्वर तळ्यावर जाऊन बसले, अंधार पडेपर्यंत आले नाहीत. असो.

वैजी

उशिरा आले. घरात पाहुणे. सगळं वाचायचं आहे. कडक भाकरी कुरिअरनं पाठवताना कशात बांधता? लेकीला बेंगलोरला पाठवली, पोचली तर सगळा चुरा.

अन्नू

स्टीलच्या डब्यात उभ्या लाव, मधे पेपर. वरनं टॉवेल कोंब.

राजू टॉवेल

टॉवेल माझ्याकडनं घे.

वैजी

चुरा झाला तरी पोरींनी दह्यात कालवून खाल्ला म्हणे, वर शेंगाचटणी. आता रूममधल्या बिहारच्या पोरीला पण पाहिजे. पण चटणी मिक्सरची केली होती, लेकीनं लगेच ओळखली. फोनवर म्हणे, मम्मी, तेल सुटलं नाही. मी म्हणलं बाई, उखळात कुटायला माझा खांदा राहिलाय का?

पद्दी

मिक्सर सलग फिरवू नको. थांबत थांबत. शेंगदाणे खरपूस भाजून, साल काढून, गार झाल्यावर. लसूण सालासकट घाल. मग बघ तेल सुटतंय का नाही.

वैजी

सालासकट?? आमच्यात सोलून.

मॉनिटर

झालं. आता हे रात्रभर चालणार.

सुमी, बाळीवेस

वैजे, तुझ्या ह्यांचं काय झालं बदलीचं?

वैजी

झाली. पुणेच. दर सोमवारी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस, शुक्रवारी रात्री परत. २०२३ ला वंदे भारत सुरू झाली तेव्हा म्हणाले आता तीच. तिकीट बघितलं, परत हुतात्मा. पहिल्या महिन्यात रडले मी. दुसऱ्या महिन्यात कळलं की रात्री एकटीला दहीभात आणि लोणचं एवढ्यावर भागतं, कुणी विचारत नाही भाजी काय. आता शुक्रवार आला की जरा धसकाच बसतो, सोमवार आला की घर खायला उठतं. दोन्ही खरं. आमच्या सासूबाई म्हणतात, तुझं डोकं ठिकाणावर नाही. पण मोटर मीच लावते, हौद मीच भरते, गॅसवाल्याशी मीच भांडते. हे येतात आणि विचारतात, "टॉर्च कुठाय?"

अन्नू

सगळ्यांचे हे असेच. टॉर्च कुठाय, चष्मा कुठाय.

चष्मा

मी इथंच आहे.

राजू टॉवेल

😂😂 ऐका, हुरड्याचं ठरवा. पावण्याचं रान हाय मंगळवेढ्याकडं, गुळभेंडी ज्वारी लावलीय, पंधरा दिवसांत तयार होईल. एका रविवारी जाऊ. गड्ड्याचा नको, त्याच्या पुढचा.

वैजी

रविवारच पाहिजे. शुक्रवार-शनिवार मी बांधलेली.

मॉनिटर

माझ्या गाडीत चार जागा. अण्णा नाहीत येत, ते आले की भिगवणपर्यंत ऐकू जाईल.

चष्मा

माझं अवघड आहे. बाबांना कुणाकडं ठेवू?

राजू टॉवेल

घेऊन ये की बे. रानात आगटी पेटली की ते पण बसतील कणसं चोळत. डबा दे हातात.

पद्दी

मग अम्माला पण आणते. हुरडा चोळायला तिच्याइतके हात कुणाचे चालणार?

सुमी, बाळीवेस

मी धपाटे आणते. सासूबाई विचारलालेत, त्यांना बसायला खुर्ची मिळेल का, खाली बसवत नाही.

राजू टॉवेल

दोन प्लास्टिकच्या हायत रानात. तिसरी लागली तर मॉनिटर, तू आण. आणि दही कोण आणतंय? मागल्या वेळी कुणीतरी एवढं आंबट आणलं होतं की कुत्र्यानं पण वास घेऊन सोडलं.

अन्नू

ते दही माझं होतं. आता मुद्दाम तेच आणते.