‘आनुवंशिक’, ‘प्रवण’ की ‘बळी पडणारा’?

तापीकाठची (जळगाव): त्वचेच्या एका दुर्मीळ आजाराचं पत्रक मराठीत करतेय. टीएमसी६ किंवा टीएमसी८ हे जनुक आईकडूनही बिघडलेलं आलं आणि बापाकडूनही, तर एचपीव्ही या चामखिळीच्या विषाणूचे ५ आणि ८ हे प्रकार अंगभर चपट्या चामखिळी उठवतात. पुढे उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीला कर्करोगाचा धोका. इतरांच्या कातडीवर हेच विषाणू गुपचूप पडून असतात. मी ‘आनुवंशिक प्रवणता’ लिहिलं. शेजारच्या काकूंनी वाचून विचारलं, “म्हंजे क्यान्सर मायबापाकडून आला?” कर्करोग नाही आला, विषाणूही नाही. आली ती त्या विषाणूला आवरण्यातली उणीव. कसं लिहू?

शुद्धनाना: प्रवणताच ठेवा. प्रवण म्हणजे उतरता, एका बाजूला कललेला. अवर्षणप्रवण तालुक्यात दरसाल दुष्काळ पडतोच असं नाही, हे काकूंनाही ठाऊक असेल. मात्र ‘अनुवांशिक’ छापू देऊ नका.

रावेरचा केळीवाला: शेतकऱ्याला विचारा की! भेंडीवर हळद्या रोग पडतो, तोही विषाणूचाच, पांढरी माशी आणते. पुसा सावनी ही जात लगेच बळी पडते, परभणी क्रांती तग धरते. ‘रोगाला बळी पडणारं वाण’ हे पोराटोरांनाही कळतं.

शिरपूरची सून: दादा, भेंडीला चालतं. तपासणीला आलेल्या पोरीच्या हातात ‘बळी’ लिहिलेला कागद द्याल? आमच्या सासूबाई तर असलं काही निघालं की एवढंच म्हणतात, “आमना घरमाच शे ते.” म्हणजे आमच्या घराण्यातच आहे ते. संपला विषय.

कंपाउंडर: ‘घरमाच शे’ नेच घोळ होतो. एका घरात कावीळ-बी तिघांना, पुढे एकाला यकृताचा कर्करोग, की लोक म्हणतात वंशात आहे. बाळंतपणात आईकडून बाळाला विषाणू लागतो, ते रक्ताचं नातं नव्हे, लागण. त्यावर लस आहे. दोन्हीला ‘आईकडून आलं’ म्हणाल तर लस कोण घेईल?

तापीकाठची: हेच! म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडून ‘हा विषाणू आवरण्याची ताकद जन्मतः कमी’ लिहू का?

शुद्धनाना: ती व्याख्या झाली, संज्ञा नव्हे.

धुळेकर: नाना, अनुवांशिकमध्ये काय वाईट? वंशाचं वांशिक होतं, त्याला अनु लावला.

शुद्धनाना: आधी अनुवंश, मग इक प्रत्यय. वृद्धी, म्हणजे अ चा आ, पहिल्या स्वराची. अनुभवाचं आनुभविक होतं, ‘अनुभाविक’ नाही.

धुळेकर: सगळा महाराष्ट्र अनुवांशिक म्हणतो. तुम्ही नि व्याकरण दोघंच राहिलात.

शिरपूरची सून: मला दुसरंच खटकतंय. चपट्या आहेत तर चामखिळी कशा? आमच्याकडे त्याला मस म्हणतात.

रावेरचा केळीवाला: मस वेगळा, ताई. तो काळा, बहुतेक लहानपणापासूनचा. चामखीळ मागाहून उगवते. माझी आजी सारंगखेड्याच्या यात्रेतून घोड्याच्या शेपटीचा केस आणून चामखीळ आवळायची, मस असेल तर हात लावायची नाही.

कंपाउंडर: आणि ती जागा पिकली की आमच्याकडे यायची.